एकतीस नंबरची हजेरी

"भोंग्या, मागचा ब्रेक दाब! पुढचा नको, मागचा!"

"दाबलाय गं ताई! बोटं तुटायची वेळ आली!"

जुन्या घाटाचा उतार संपता संपत नव्हता. बोगद्याचा नवा रस्ता झाल्यापासून इकडे गाड्या कमीच यायच्या. एका बाजूला ओला, काळा कडा. दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा, आणि त्यापलीकडे पांढरं धुकं. धुक्याखाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

सगळ्यांत पुढे चौदा वर्षांची ताई. तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ. तो साधं 'पाणी दे' म्हणाला तरी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं, म्हणून घरीदारी त्याचं नाव भोंगा पडलं होतं. मग मामाची मुलगी मुंगी. ती अकरा वर्षांची होती, पण दिसायची आठची. शेवटी ताईची मैत्रीण किल्ली. किल्लीच्या बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि तिच्या खिशात कायम एक पाना असायचा. वर्गातल्या बाकांचे सैल स्क्रूसुद्धा तीच आवळायची.

सहा दिवसांच्या सायकलफेरीचा हा चौथा दिवस होता. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, अशा रुग्णांचं रक्त शुद्ध करणारी आणखी दोन यंत्रं शहरातल्या रुग्णालयाला मिळावीत, म्हणून ही फेरी होती. ऐंशी सायकलस्वार, सामानाचा एक ट्रक, प्रथमोपचाराची एक जीप, आणि सगळ्यांच्या मागे एक गाडी. शेवटच्या सायकलच्या मागे ती राहायची, कुणालाही मागे टाकायची नाही, हा नियम होता. सगळे तिला शेपूटगाडी म्हणायचे.

पाचव्या वळणावर रस्त्याकडेच्या नळापाशी कुणीतरी उभं दिसलं. पाठीवर एकतीस नंबर.

"घड्याळवाले आजोबा!" मुंगी ओरडली आणि सगळे थांबले.

आजोबा अडुसष्ट वर्षांचे. पांढरी दाढी, अंगात जाड स्वेटर. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान एवढंसं होतं, की त्यात गिऱ्हाईक शिरलं तर त्यांना उभं राहावं लागायचं. त्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा त्या यंत्रावर जावं लागायचं. एकदा यंत्र बिघडलं, दुसऱ्यापुढे रांग होती, आणि तिचा नंबर लागायच्या आत सगळं संपलं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं होतं, अगदी शांतपणे, चष्मा पुसत पुसत.

आत्ताही ते चष्माच पुसत होते. "काचांवर धुकं बसतंय. तुम्ही व्हा पुढे."

किल्लीचं लक्ष त्यांच्या सायकलकडे गेलं. "आजोबा, मागच्या ब्रेकची वायर उसवलीय. तीन-चारच तारा उरल्यात. बदलून देऊ? माझ्याकडे आहे. दहा मिनिटांचं काम!"

"खाली गेल्यावर बघू गं. पुढचा ब्रेक आहे की चांगला."

"पण आजोबा..."

"चल ना किल्ले!" भोंगा अधीर झाला होता. "शेवटच्या दहांत यायचं नाहीये!"

किल्लीने पाना खिशातून काढला होता. तो तिने परत ठेवला.

"जा, जा," आजोबा हसले. "मागून शेपूटगाडी येतेच आहे."

मुलं निघाली. नवव्या वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. ताज्या डांबरावर बारीक खडी पसरलेली, आणि बाजूने जायला जागाच नाही. सगळ्यांच्या चाकांना डांबर आणि खडी चिकटली.

"माझ्या सायकलला तर देवी आल्या!" भोंगा म्हणाला आणि कामावरच्या बायकासुद्धा हसल्या.

त्यानंतर त्या दिवशी फारसं कुणी हसलं नाही.

* * *

घाटाच्या पायथ्याशी एका शाळेच्या पटांगणात दुपारचा मुक्काम होता. सुट्टीमुळे वर्गांना कुलपं होती. दाराशी टेबल टाकून हजेरीकाका बसले होते. ते एका कचेरीत मोठे साहेब होते आणि इथेही तसेच बसायचे. पोचलेल्या माणसाने वहीत आपल्या नंबरापुढे खूण करायची आणि आत जायचं.

जेवायला ब्रेड, उकडलेली अंडी आणि केळी होती. मुंगीने झाडाखाली सतरंजीवर आजोबांसाठी जागा धरली, कारण तीनही दिवस ते त्यांच्यातच बसले होते. एक वाजला तरी जागा रिकामीच. मुंगीने आपलं अंडं सोललंसुद्धा नव्हतं.

"आजोबा अजून आले नाहीत," ती म्हणाली.

"ते हळू चालवतात," भोंगा म्हणाला. पण त्याचाही हात पुड्यावर थांबला. "दोन तास झाले नाही का गं ताई?"

ताई उठली. चौघं टेबलापाशी गेली आणि ताईने वहीवरून बोट फिरवलं. एकोणतीस. तीस. एकतीस.

एकतीसपुढे लाल टिक होती.

"बघा! आलेत!" भोंगा म्हणाला. "उगाच घाबरवलंस, मुंगे!"

ताई मात्र वाकून बघत राहिली. मग तिने मागची पानं उलटली. "थांबा. हे बघा. पहिला दिवस, एकतीस नंबर. टिक नाही. नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. दुसरा दिवस, एक वाजून सात. कालचं, अकरा अठरा. आजोबा कधीच टिक करत नाहीत, ते वेळ लिहितात! आणि ही टिक लाल आहे. लाल पेन कुणाचं?"

लाल पेन हजेरीकाकांच्या खिशाला होतं.

"काका," ताईने विचारलं, "घड्याळवाले आजोबा आले का?"

"टिक आहे ना? मग आले."

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"हे बघ, ऐंशी माणसं आहेत. एकेकाचं तोंड बघत बसलो तर संध्याकाळ व्हायची. असतील कुठेतरी. बसले असतील ट्रकात, पाय धरले असतील. जा, जेवा."

मुलं जेवायला गेली नाहीत. भोंगा औषधाच्या दुकानवाल्या काकांकडे धावला. ते म्हणाले, "आजोबा? ट्रकात झोपलेत असं ऐकलं. ते दोघे जुळे भाऊ सांगत होते." जुळे भाऊ म्हणाले, "आम्हाला स्वयंपाकी म्हणाला." आणि स्वयंपाकी केळ्यांचे घड उतरवत म्हणाला, "मला कुठलं माहीत बाबा? ते वहीवाले साहेब आत्ताच म्हणत होते, ट्रकात असतील म्हणून."

"गोल फिरून गाडं परत टेबलापाशीच!" भोंगा म्हणाला. "पाहिलं कुणीच नाही. सगळ्यांनी फक्त ऐकलंय!"

ट्रकात कुणीही झोपलेलं नव्हतं. नुसत्या पिशव्यांचा ढीग होता. ताईने औषधवाल्या काकांचा फोन मागून आणला आणि वहीत लिहिलेला आजोबांचा फोन नंबर लावला. कंदिलांच्या खोक्यामागून, पिशव्यांच्या तळातून, फोनची घंटी वाजायला लागली.

मुंगीने ताईचा हात घट्ट धरला. घंटी बराच वेळ वाजत राहिली आणि मग थांबली.

"फोन पिशवीतच ठेवलाय त्यांनी," ताई हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे त्यांना कुणाला कळवताही येणार नाही."

किल्लीचा हात खिशातल्या पान्यावर होता. आता ती म्हणाली, "ती वायर तुटली असणार." आणि तिने तोंड फिरवलं.

* * *

फेरीच्या प्रमुखांना सगळे कॅप्टन म्हणायचे. गळ्यात शिट्टी, उंचेपुरे, शिस्तीचे. ते दोन अंडी संपवून तिसरं सोलत होते.

"कॅप्टनकाका, आजोबा घाटात राहिलेत," ताईने सगळं एका दमात सांगितलं. वही, लाल टिक, फोन.

कॅप्टननी ऐकून घेतलं, हे खरं. मग त्यांनी शेपूटगाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली. "काय हो, मागे कुणी होतं?"

"कुणी नव्हतं साहेब," झाडाला टेकलेला ड्रायव्हर म्हणाला. "रस्ता झाडून आलोय."

"झालं समाधान?" कॅप्टन म्हणाले. "पोरांनो, तुमची काळजी चांगली आहे, पण घाटात कुणी असतं तर गाडीला दिसलंच असतं. मोठी माणसं आहेत ना इथे?"

"मग आजोबा कुठे आहेत?" मुंगीने विचारलं.

कॅप्टननी पुन्हा अंड्याला नख लावलं. "येतील," ते म्हणाले.

"आम्ही बघून येतो!" भोंगा सायकलकडे पळाला. पण कॅप्टनची शिट्टी वाजली. "खबरदार! एकही मूल घाटात परत जाणार नाही. ह्या चार सायकली साखळीने बांधा आणि कुलपाची चावी माझ्याकडे द्या."

साखळी पडली. चौघं बांधलेल्या सायकलींजवळ बसून राहिली. धुकं आता खाली उतरायला लागलं होतं. पटांगणावर माणसं गप्पा मारत होती, पाय ताणून पडली होती. कुणीतरी गाणंसुद्धा म्हणत होतं. वर कड्यावर ऊन नव्हतंच.

"वर फार थंडी असेल," मुंगी म्हणाली.

"मावशी कधी येणार गं?" भोंग्याने विचारलं. प्रथमोपचाराच्या जीपवरची नर्स म्हणजे त्याची आणि ताईची सख्खी मावशी, पण फेरीत सगळेच तिला मावशी म्हणायचे. सकाळीच एकाच्या कपाळाला खोक पडली होती. टाके घालायला ती त्याला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेली होती.

"आली तरी तीही विचारेल, पुरावा काय," ताई म्हणाली. "गाडी घाटातूनच आली असेल तर ड्रायव्हरचं म्हणणं खोटं कसं ठरवायचं?"

किल्ली आपल्या सायकलच्या चाकात रुतलेला एकेक खडा नखाने काढत होती. एकदम तिचा हात थांबला. ती उठली आणि तरातरा शेपूटगाडीकडे गेली. खाली वाकून तिने पुढचं चाक पाहिलं, मग मागचं. चिखलपट्टीखाली हात घालून पाहिला. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"ताई, डांबर नाहीये."

"काय?"

"एकाही चाकाला डांबर नाही! खडा नाही! आपल्या सगळ्यांच्या सायकली बघ. ट्रकाची चाकं बघ. नववं वळण चुकवून घाट उतरताच येत नाही. ही गाडी घाटातून आलेलीच नाही!"

"बोगद्याचा नवा रस्ता!" ताई ताडकन उठली. "म्हणजे आजोबांच्या मागे कुणीही नव्हतं. कुणीही!"

* * *

सव्वादोनला जीप आली. मावशी उतरते न उतरते तोच चौघांनी तिला घेरलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "चाकं पुसली असं म्हणेल तो. त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे, आणि लगेच. वाद घालायला वेळ नाहीये."

"त्याच्या तोंडून काढायचं ना?" भोंगा म्हणाला. "ते माझ्यावर सोड!"

तो ड्रायव्हरजवळ जाऊन ऐसपैस बसला. मावशी, ताई आणि कॅप्टन चार पावलांवर होते. भोंग्याचा आवाज सगळ्या पटांगणाला ऐकू जात होता.

"काका, तुम्ही घाटातून आलात तेव्हा तो दुधाचा टँकर उचलला होता का हो?"

"टँकर?"

"आठव्या वळणावर उलटलेला! बापरे, केवढं दूध! नुसते पाट वाहत होते रस्त्यावर! तुम्ही कशी काढलीत गाडी?"

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. मग हसून म्हणाला, "हां, तो होय! काढली कशीबशी कडेने. पार चाकं दुधात भिजली की!"

"काका," भोंगा उठून उभा राहिला, आणि आता त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "घाटात टँकर नव्हताच. दूध नव्हतं. तिथे डांबर होतं."

पटांगणावरचं गाणं थांबलं.

"कोणत्या रस्त्याने आलात?" मावशीने विचारलं. ती ओरडली नाही, पण ड्रायव्हर उठून उभा राहिला.

"बाई, धुकं होतं... सायकलच्या मागे गोगलगायीच्या चालीने चालवायची म्हणजे... नव्या रस्त्याला चहाची टपरी आहे. म्हटलं, खाली जाऊन थांबू."

"आणि मागे कुणी नाही, हे कशावरून सांगितलंत?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. हजेरीकाका जागेवरून उठले होते. "याने फोन केला मला," ते चाचरत म्हणाले, "की मागे कुणी नाही. एकच खूण राहिली होती. म्हणून मी... म्हटलं, आलेच असणार..."

"तुम्ही एका माणसाला टिक करून खाली आणलंत," मावशी म्हणाली. "बसा रे जीपमध्ये, चौघंही. शेवटचं तुम्हीच त्यांना पाहिलंय. पण मी सांगेन तेवढंच करायचं!"

कॅप्टन पुढच्या सीटवर चढले. त्यांच्या हातात अजून अर्धं सोललेलं अंडं होतं.

* * *

जीप दिवे लावून घाट चढू लागली. काचेवर दव जमत होतं.

नवव्या वळणावर मुकादमाने हात करून गाडी थांबवली. ताईने डोकं बाहेर काढलं. "काका, पांढऱ्या दाढीचे आजोबा, सायकलवर, पाठीवर एकतीस नंबर, गेले का इथून?"

मुकादमाला आठवेना. पण खडीची पाटी घेतलेली एक बाई पुढे आली. "तुम्ही चौघं गेलात ना हसत? तुमच्यानंतर दोघं गेले, मग तिघं. म्हातारं कुणी नाही गेलं. मी सकाळपासून इथेच आहे."

"पाचव्या वळणावर आम्ही त्यांना पाहिलं," ताई म्हणाली. "नवव्यापर्यंत ते आलेच नाहीत. म्हणजे मधल्या चार वळणांत!"

"दोर आहे का तुमच्याकडे?" मावशीने विचारलं. मुकादमाने दोराचं भेंडोळं आणि दोन माणसं दिली. ती बाईही पाटी टाकून मागे चढली.

आता जीप माणसाच्या चालीने जात होती. भोंगा आणि किल्ली कठड्याच्या बाजूने चालत होते, मावशीने बजावल्याप्रमाणे कठड्यापासून दोन हात लांब. आठवं वळण. काही नाही. सातव्यावर किल्ली थबकली.

रस्त्याच्या ओल्या मातीत एक बारीक रेघ सरळ गेली होती. रस्ता डावीकडे वळला होता. रेघ वळली नव्हती. पुढे कठड्याचे दोन दगड निखळले होते.

"आजोबा!" भोंग्याने हाक मारली. सगळा कडा त्या आवाजाने भरला. "आ-जो-बा!"

धुक्यातून स्वतःचाच आवाज परत आला. मग काही नाही. त्याने पुन्हा हाक मारली आणि या वेळी त्याचा आवाज फाटला.

"श्श!" मुंगी म्हणाली. "गप्प बसा सगळे. इंजिन बंद करा."

इंजिन बंद झालं. पाण्याचे थेंब पडत होते, तेवढंच.

ट्रिंग.

अगदी बारीक, पेंगुळल्यासारखी. मग खूप वेळाने पुन्हा एकदा. ट्रिंग.

"सायकलची घंटी!" मुंगी किंचाळली. "खाली आहेत! जिवंत आहेत!"

किल्ली कठड्याकडे धावली.

मावशीने एक क्षण वाया घालवला नाही. "कुणीही खाली वाकायचं नाही! ताई, तू खालच्या वळणावर जा, माझा लाल टॉवेल घे, येणारी गाडी थांबव. भोंग्या, तू वरच्या. मुंगी, तू इथेच बसून त्यांच्याशी बोलत राहा. एक मिनिटही थांबायचं नाही! कॅप्टन, दोर जीपला बांधा."

दोन्ही मजूर आणि मावशी दोराला धरून उतरले. वीसेक फुटांखाली झुडपांच्या जाळीत आजोबा अडकले होते. त्यांच्या अंगावर सायकल पडलेली, आणि उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. एकच हात मोकळा होता, अंगठा घंटीवर. वरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी ते घंटी वाजवत होते. थंडीमुळे गाड्यांच्या काचा बंद होत्या. एकही गाडी थांबली नव्हती.

"आजोबा, मी मुंगी बोलतेय! मावशी आली बघा! झोपू नका हं! मी तुमचं अंडं ठेवलंय, तुमची जागा पण धरलीय..." मुंगी बोलत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती बोलतच होती. पाऊण तास ती बोलत होती. शेवटी तिचा घसा बसला तेव्हा त्या मजूरबाईने तिला मांडीवर घेतलं आणि पुढे ती स्वतः हाका मारू लागली.

स्ट्रेचर वर आलं तेव्हा कॅप्टनच्या तळहातांची दोराने सालपटं निघाली होती. आजोबांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी डोळे किलकिले केले.

"किती वाजले?"

किल्ली त्यांच्या उशाशी होती. "साडेतीन, आजोबा."

"चार तास," ते पुटपुटले. "नाही... चार तास बारा मिनिटं."

जीप रुग्णालयाकडे निघाली. मावशी त्यांची नाडी धरून होती. किल्लीला आता राहवेना. "आजोबा, मला दिसली होती ती वायर. पाना हातात होता माझ्या. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. हट्ट धरायला हवा होता..."

आजोबांनी डोळे मिटले. तिला वाटलं, त्यांची शुद्ध हरपली.

"तू सांगितलंस," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. जन्मभर लोकांची यंत्रं दुरुस्त केली, आणि स्वतःचं... ते माझं ओझं आहे, पोरी. तू उचलू नकोस."

मग खरंच त्यांची शुद्ध हरपली.

* * *

संध्याकाळी सगळी फेरी दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या सभागृहात उतरली. भिंतीलगत गाद्या टाकल्या होत्या. नेहमी या वेळी इथे आरडाओरडा असायचा. आज माणसं कुजबुजत होती. शेपूटगाडीच्या चाव्या कॅप्टननी काढून घेतल्या होत्या. हजेरीकाका कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांनी दुपारपासून उघडली नव्हती.

मावशी रुग्णालयातून परत आली. तिच्याबरोबर चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई होती. ती आजोबांची मुलगी, शाळेत शिक्षिका.

"ऑपरेशन झालं," मावशीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, तीन बरगड्या मोडल्यात. जीव वाचला. पाय वाचेल की नाही ते डॉक्टर दोन दिवसांनी सांगतील. अंग एवढं गार पडलं होतं, की आणखी तासभर गेला असता तर उपयोग झाला नसता, असं ते म्हणाले."

"ती मुलं कुठली?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

चौघं पुढे झाली. बाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "मला सगळं सांगा. काही गाळू नका."

ताईने सगळं सांगितलं. वही, फोन, डांबर, टँकर, घंटी. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "आणि आम्ही पाचव्या वळणावर त्यांना सोडून पुढे आलो. आम्हाला शेवटच्या दहांत यायचं नव्हतं. तेही खरंय."

भोंग्याने मान खाली घातली. बाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"हो, पुढे गेलात," त्या म्हणाल्या. "पण परत फिरलात. तुम्हाला गप्प बसवलं, सायकली बांधल्या, तरी तुम्ही गप्प बसला नाहीत. माझे बाबा चार तास घंटी वाजवत होते. ती तुम्ही चौघांनी खाली पटांगणात बसून ऐकली. बाकी सगळे जेवत होते."

मग मागून कॅप्टन उठले. दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या होत्या.

"त्या जेवणाऱ्यांत मी पहिला होतो," ते म्हणाले. "या मुलीने माझ्यासमोर उभं राहून तीन पुरावे दिले. तेव्हा मी अंडं सोलत होतो. मी मोठा होतो म्हणून मीच बरोबर, असं मला वाटलं. ताई, किल्ली, भोंगा, मुंगी, आज या फेरीत शहाणी माणसं तुम्हीच होता. बाई, तुमची क्षमा मागायला माझ्याकडे शब्द नाहीत."

बाईंनी मान हलवली. क्षमा केली की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही, आणि तेच बरं झालं.

"अगं, या पोरांनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये!" एकदम मावशीच्या लक्षात आलं.

जेवणाची रांग दारापर्यंत होती. ती बाजूला सरली. औषधवाले काका सरले, जुळे भाऊ सरले, सगळेच सरले, आणि चौघांना रांगेच्या पुढे जागा झाली. हजेरीकाका उठून आले. त्यांनी चार ताटं घेतली, स्वतः वाढली, आणि एकेक ताट दोन्ही हातांनी मुलांसमोर ठेवलं. ताईने हळूच म्हटलं, "बसा ना काका."

भोंग्याने पहिला घास घेतला. मुंगी दुसऱ्या घासालाच बसल्या बसल्या झोपली आणि ताईने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. किल्ली मात्र ताटाकडे नुसती बघत होती. भात निवत चालला होता.

शिक्षिकाबाई उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"मीही सकाळपासून जेवले नाहीये," त्या म्हणाल्या. "तुझ्या ताटातलं देशील थोडं?"

किल्लीने ताट दोघींच्या मध्ये सरकवलं.